पाहणीचा हक्क

विद्यार्थिमित्रांनो, तपासणीसाठी आपली वही शेजारच्या बाकावर द्यावयास सांगितली की तुमचे चेहरे कसे होतात, हे आम्ही नित्य पाहतो. अमेरिका व रशिया या बलाढ्य राष्ट्रांची स्थितीही फारशी निराळी नाही. अण्वस्त्रे किती कमी करावीत याहून, ती मोजावयास प्रतिपक्षाला आत येऊ द्यावे की नाही, यावरच त्यांचे खरे भांडण होत आले आहे.

१९६३ सालची गोष्ट घ्या. आदल्याच वर्षी क्यूबाच्या प्रकरणात जग विनाशाच्या उंबरठ्यावरून परतले होते. केनेडी व ख्रुश्चॉव्ह दोघांनाही अणुचाचण्यांना आळा हवा होता. मग अडले कोठे? धरणीकंप कोणता व भूमिगत स्फोट कोणता, हे दुरून खात्रीने ओळखता येईना. म्हणून जागेवर जाऊन पाहणी हवी, हा अमेरिकेचा आग्रह. सोविएत पक्ष वर्षाला दोन-तीन पाहण्यांपलीकडे जाईना, अमेरिका सातांखाली उतरेना. तीन आणि सात! एवढ्यासाठी ५ ऑगस्टच्या मॉस्को करारातून भूमिगत चाचण्या वगळल्या गेल्या आणि जमिनीखालचे स्फोट पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले. पाहणारा तो हेरच, ही सोविएत शंका अगदीच निराधार होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान त्यांनी १९६० साली पाडले होतेच.

पुढे १९८७ साली रेगन व गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांविषयी करार केला, तेव्हा हेच दार उघडले. एकंदर २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. अमेरिकन निरीक्षक वोत्किन्स्कच्या कारखान्याच्या दाराशी, तर सोविएत निरीक्षक युटा प्रांतातील मॅग्ना येथे मुक्काम करून राहिले. त्यांच्यात विश्वास नव्हता, म्हणूनच हे शक्य झाले, असे आमचे मत आहे.

२०१० च्या ‘न्यू स्टार्ट’ कराराने तैनात अण्वस्त्रांना १,५५० ची मर्यादा घातली आणि वर्षाला १८ पाहण्या मान्य केल्या. २०२० च्या साथीत पाहण्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. २०२३ साली रशियाने आपला सहभाग स्थगित केला, आणि कराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. चर्चा होते ती १,५५० ची. आम्हांस त्या १८ चे जाणे अधिक खुपते.

कारण मोजता आले नाही की अंदाज बांधावा लागतो, आणि भयाचा अंदाज चढाच असतो. १९६० च्या अमेरिकन निवडणुकीत रशिया क्षेपणास्त्रांत पुढे गेल्याची हाकाटी झाली. १९६१ मध्ये उपग्रहांची छायाचित्रे तपासली, तो दूर पल्ल्याची सोविएत क्षेपणास्त्रे अगदीच थोडी निघाली. तोवर अमेरिकेची शेकडो ‘मिनिटमन’ क्षेपणास्त्रांची योजना मार्गी लागली होती.