दरडींच्या मुलखातील आगगाडी

दि. १३ सप्टेंबर २०२५ रोजी मिझोराममधील सैरांग स्थानकातून दिल्लीकडे राजधानी एक्स्प्रेस निघाली आणि ऐझॉल ही राज्यराजधानी अखेर देशाच्या लोहमार्गास जोडली गेली. पंतप्रधान त्या दिवशी ऐझॉल शहरातील समारंभास जावयाचे होते. परंतु पाऊस असा लागला की, त्यांना लेंगपुईच्या विमानतळावरच थांबून तेथून गाडीस निशाण दाखवावे लागले. वृत्तपत्रांनी ही बाब चार ओळींत आटोपली. आमच्या मते त्या दिवसाची खरी बातमी हीच होती. ज्या पावसाने देशाच्या पंतप्रधानांस वीस-तीस किलोमीटरांवरील शहरात जाऊ दिले नाही, त्याच पावसाच्या मर्जीवर ही गाडी वर्षानुवर्षे चालावयाची आहे.

तेव्हापासून ईशान्येकडील सहलींच्या जाहिरातींत या आगगाडीच्या प्रवासाचे वर्णन वारंवार आढळू लागले आहे. त्यात अतिशयोक्ती नाही. गुवाहाटीहून निघालेली गाडी लुमडिंग सोडून दक्षिणेस वळली की बराईल पर्वताची चढण लागते. डाव्या-उजव्या अंगास बांबूची बने, खाली मातकट पाण्याचे ओढे, एकामागून एक बोगदे, त्यांतील एक तर तीन किलोमीटरांहूनही लांब. मध्येच हाफलाँगचे डोंगरी गाव आणि पक्ष्यांच्या अपमृत्यूमुळे ख्याती पावलेली जातिंगाची खिंड. बदरपूरला बराक नदीचे खोरे लागते आणि डोंगर संपले असे वाटते. पण बैराबीनंतर ते पुन्हा सुरू होतात. बैराबी ते सैरांग हे अंतर अवघे एक्कावन्न किलोमीटर. त्यात अठ्ठेचाळीस बोगदे आणि दीडशेच्या जवळपास लहानमोठे पूल आहेत. त्यांतील एका पुलाचे खांब कुतुबमिनारासही खुजा ठरवितील इतके उंच आहेत. ज्यांना हा प्रवास करावयाचा असेल त्यांनी दिवसाची गाडी धरावी आणि मिझोरामात उतरण्यासाठी लागणारा ‘इनर लाइन’ परवाना आधी काढून ठेवावा. १८७३ साली इंग्रजांनी घालून दिलेला हा निर्बंध आगगाडी आली म्हणून उठलेला नाही.

परंतु खिडकीतून दिसणारे हे सौंदर्य आणि त्या मार्गाचे दुखणे या दोन निरनिराळ्या गोष्टी नव्हेत, हे प्रवाशाने ध्यानात घेतले पाहिजे. दरी खोल का? नद्या मातकट का? बराईलचा डोंगर भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने अद्याप कोवळा आहे. त्याचा बराचसा भाग ठिसूळ शेल खडकाचा, जो पाणी मुरताच फुगतो आणि पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटतो. त्यावर पावसाळा आपल्याकडच्याप्रमाणे जूनमध्ये नव्हे, एप्रिलपासूनच झोडपू लागतो. सारा टापू भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात मोडतो, ते वेगळेच. अशा डोंगरास कापून त्याच्या कुशीत रूळ घालणे म्हणजे एकदा करून मोकळे होण्याचे काम नव्हे. ते दरवर्षी नव्याने करावे लागते.

इंग्रजांना हे कळत नव्हते असे नाही. तरीही आसाम-बंगाल रेल्वे कंपनीने १८९० च्या दशकात हा उद्योग आरंभिला, याचे कारण चहा. आसामातील मळ्यांचा चहा चितगाव बंदरास पोहोचवावयाचा, तर बराईल ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९०३-०४ च्या सुमारास लुमडिंग ते बदरपूर हा मीटरगेज मार्ग पुरा झाला. त्या जंगलात हिवतापाने आणि दरडींखाली जे मजूर गेले, त्यांची नावे कोठल्याही स्थानकाच्या भिंतीवर नाहीत. पुढे १९४७ साली फाळणी झाली, चितगाव परमुलखात गेले आणि ज्या बंदरासाठी हा मार्ग बांधला ते बंदरच नाहीसे झाले. उरला तो डोंगर आणि त्यावरची एकेरी वाट. कछार, त्रिपुरा, मिझोराम आणि मणिपूरचा काही भाग यांना उर्वरित भारताशी जोडण्याचे काम, जे या मार्गाच्या कर्त्यांच्या स्वप्नातही नव्हते, ते इतिहासाने त्याच्या गळ्यात बांधले.

स्वतंत्र भारतानेही या मार्गाची उपेक्षाच केली असे म्हणावे लागते. ब्रॉडगेज करण्याचे काम मंजूर झाले १९९६ मध्ये आणि त्यावरून पहिली उतारूंची गाडी धावली २०१५ च्या नोव्हेंबरात. मधली एकोणीस वर्षे डोंगराने जशी खाल्ली तशीच बंडखोरांनीही. खंडणी, अपहरणे आणि कामगारांच्या हत्या यांमुळे काम कित्येकदा बंद पडले. ज्यांनी तशाही स्थितीत ते तडीस नेले, त्या अभियंत्यांचे आणि मजुरांचे ऋण मान्य करूनच पुढील टीका आम्ही करीत आहोत.

ऑगस्ट २०२१ मध्ये गुवाहाटी ते न्यू हाफलाँग अशी काचेच्या छताच्या डब्याची खास पर्यटक गाडी सुरू झाली. त्यानंतर नऊ महिनेही उलटले नव्हते, तोच मे २०२२ मध्ये ते न्यू हाफलाँग स्थानक चिखलाच्या लोंढ्याखाली गेले. उभ्या गाडीचे डबे त्या लोंढ्याने खेळण्यासारखे कलथून टाकले. दिटोकचेरा येथे अडकलेल्या गाडीतील शंभराहून अधिक उतारूंची सुटका हवाई दलास करावी लागली. पन्नासांहून अधिक ठिकाणी मार्ग खचला, वाहून गेला वा गाडला गेला आणि तो पूर्ववत होण्यास सुमारे दोन महिने लागले. पुढेही हे संपले नाही. २०२४ च्या एप्रिलअखेरीस जातिंगानजीक दरडीने मालगाड्या अडविल्या. २०२५ च्या जूनमध्ये मुपा आणि दिहाखो या स्थानकांदरम्यान पुन्हा मार्ग बंद पडला.

‘गाडी रद्द’ या दोन शब्दांचा अर्थ पुण्या-मुंबईच्या प्रवाशास फार तर सहलीचा विरस एवढाच असतो. आगरतळ्यात त्याचा अर्थ वेगळा आहे. मे २०२४ मध्ये त्रिपुरा सरकारला पेट्रोलची शिधाबंदी करावी लागली. दुचाकीस दिवसाकाठी दोनशे रुपयांचेच पेट्रोल मिळेल असा हुकूम निघाला. युद्ध नव्हते, संप नव्हता. तीनएकशे किलोमीटरांवर एक डोंगर घसरला होता एवढेच. धान्य, मीठ, सिमेंट, इंधन हे सारे ज्या एका धाग्यावर लोंबकळते तो धागा हा असा. मेघालयातून जाणारा महामार्ग आहे. पण दरडी तेथेही कोसळतात आणि पुष्कळदा दोन्ही वाटा एकाच पावसात बंद होतात.

महाराष्ट्रातील वाचकांस ही कहाणी सर्वस्वी परकी वाटण्याचे कारण नाही. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा आपणही धबधब्यांच्या आणि बोगद्यांच्या वर्णनांत असेच रंगून गेलो होतो. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीनजीक रुळांवर आलेल्या दगडमातीमुळे गाडी घसरली आणि पन्नासांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. दुसऱ्याच वर्षी, जून २००४ मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला तसाच अपघात होऊन पुन्हा बळी गेले. त्यानंतर जे झाले ते शिकण्यासारखे आहे. कटिंगांचे उतार कमी केले गेले, त्यांवर जाळ्या ठोकल्या गेल्या, पाण्याला वाटा काढून दिल्या. धोक्याच्या जागी पावसाळाभर अहोरात्र गस्त ठेवली जाऊ लागली. आणि मुख्य म्हणजे पावसाळी वेळापत्रक काटेकोर पाळून गाड्यांचा वेग उतरविला गेला. त्या वेळापत्रकाविषयी आपण दर जूनमध्ये कुरकुर करतो. चाकरमान्यास मुंबईहून सावंतवाडीस पोहोचावयास दीड-दोन तास अधिक लागतात म्हणून पत्रे येतात. ती अवश्य यावीत. परंतु त्या मंदगतीमुळेच पुढील वीस वर्षांत वैभववाडीची पुनरावृत्ती झाली नाही, हेही मान्य केले पाहिजे. दरडी थांबल्या नाहीत. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ दरडीने सुमारे एक दिवस मार्ग रोखला. पण गाड्या आधीच थांबविल्या गेल्या आणि माणसे वाचली. डोंगरातील रेल्वेचे यश असे मोजावयाचे असते.

मग बराईलमध्ये हेच का होऊ नये? काही अंशी ते होतही आहे. गस्त आहे, वेगमर्यादा आहे, पावसाळ्यात रात्रीच्या गाड्या वेळोवेळी बंद ठेवल्या जातात. मात्र कोकणातील जांभ्या-काळवथरीचा कडा आणि बराईलचा शेल यांत फरक आहे. कोकणात दगड सुटतो, तेथे अख्खी टेकडी चालू लागते. जाळी ठोकून ती थांबत नाही. तिच्या पोटातील पाणी काढून देणे आणि तिच्यावरचे जंगल राखणे हाच उपाय. नेमके येथेच सरकारचा एक हात दुसऱ्याचे काम मोडतो. दिमा हासाओ जिल्ह्यात लोहमार्गालगतच महामार्गासाठी डोंगरफोड झाली आहे आणि वरून निघालेली माती खालच्या रुळांवर येते, ही तक्रार आज नवी नाही. एका खात्याने कोट्यवधी रुपये खर्चून बांधावे आणि दुसऱ्याने वरून ते गाडावे, यास नियोजन म्हणावयाचे काय?

दुसरा प्रश्न पैशाचा आहे. बैराबी-सैरांग मार्गास आठ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. तो योग्यच झाला. एका राज्याच्या जनतेस रेल्वेसाठी अर्धे शतक ताटकळत ठेवल्यावर हिशेबाची वही उघडणे शोभणारे नाही. पण एवढ्या खर्चाने बांधलेल्या मार्गाचे तोंड उघडते कोठे? त्याच बदरपूर-लुमडिंगच्या एकेरी रुळांवर. सैरांगपर्यंत पूल कितीही मजबूत असोत, जातिंगा बंद पडले की ऐझॉलची राजधानी एक्स्प्रेसही बंद. म्हणून लंकेहून चंद्रनाथपूरला जाणाऱ्या, बराईलचा सर्वांत वाईट भाग टाळणाऱ्या पर्यायी मार्गाची मागणी बराक खोऱ्यातील लोक पुष्कळ वर्षे करीत आले आहेत. (ही लंका रावणाची नव्हे, आसामच्या होजाई जिल्ह्यातील गाव होय.) त्या मार्गाच्या सर्वेक्षणाचे काम रेल्वेने हाती घेतले. सर्वेक्षण आणि मार्ग यांत आपल्या देशात किती वर्षे जातात हे १९९६ ते २०१५ च्या अनुभवावरून दिसतेच. यावेळी तितकी सवड आहे असे समजणे धोक्याचे आहे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे भाग आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सैरांगनजीक कुरुंग नदीवरील बांधकाम चालू असलेल्या पुलावर लोखंडी सांगाडा कोसळून वीसहून अधिक मजूर ठार झाले. त्यांतील बहुतेक बंगालमधील मालदा जिल्ह्यातून पोटासाठी आलेले होते. त्याआधी ३० जून २०२२ रोजी मणिपुरात तुपुल येथे, जिरीबाम-इंफाळ मार्गाच्या कामावर, दरडीखाली साठाच्या आसपास माणसे गाडली गेली; त्यांत पहाऱ्यावरील प्रादेशिक सेनेचे जवानही होते. आजच्या प्रवाशास हे पूल पाहताना अभिमान वाटावा यात गैर काही नाही. पण शंभर मीटर उंचीवर काम करणाऱ्या मजुराच्या सुरक्षिततेची जबाबदारी कंत्राटदाराची की रेल्वेची, हा प्रश्न उद्घाटनाच्या गर्दीत बाजूस पडला. इंग्रजांच्या काळी मजुरांची गणती झाली नाही म्हणून आपण त्यांस दोष देतो. आपल्या राज्यात निदान त्या पुलाच्या पायथ्याशी मृतांच्या नावांची एक पाटी तरी लागावयास हवी.

सहलीस जाऊ इच्छिणाऱ्यांस आम्ही परावृत्त करीत नाही. जावे, डोळे भरून पाहावे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. जूनमध्ये जाणाऱ्याने गाडी चार तास उशिरा आली वा रद्द झाली तर स्थानकप्रमुखाशी हुज्जत घालू नये. कोणीतरी ट्रॅकमन भिजत रुळांवरून चालत जाऊन पुढची वाट पाहून आला आणि त्याने ‘नको’ म्हटले, म्हणून ती थांबली असेल. त्या ‘नको’ला वेळापत्रकाच्या टक्केवारीपेक्षा अधिक वजन मिळते की नाही, हे पाहण्याचे काम रेल्वे मंडळाचे आहे. बैराबी-सैरांग मार्ग सुरू झाला तेव्हा २०२५ चा पावसाळा उतरणीस लागला होता. या मार्गाच्या वाट्यास येणारा पहिला संपूर्ण पावसाळा २०२६ चा होय.