आधी घाव, मग आच

 कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैत मूर्ती घडवणारे स्थपती मेणाच्या नमुन्यावर माती लिंपतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मूर्ती घडते ती रस गोठताना. छिन्नी-कानस नंतर फिरते. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत काम नेमके उलटे. तांब्याचा पत्रा ठोकावा तसा ताठरतो, आणखी ठोकला तर चिरतो. म्हणून तांबट भांडे मध्येच भट्टीत घालून मऊ करून घेतो आणि पुन्हा हातोडा उचलतो. शेवटच्या मठारकामानंतर, म्हणजे पृष्ठभागावर ठोके उमटवल्यावर, मात्र तापवत नाही; त्या ठोक्यांचा ताठरपणा त्याला भांड्यात हवा असतो.

मॅग्नेशियमचे मिश्रधातू हाताळणाऱ्या प्रत्येकाने ओतण्यातला आणि ठोकण्यातला हा फरक मनात पक्का करावा. आपल्या कारखान्यांचा हात बसला आहे पोलादावर. पोलाद पुरेसे तापले की त्याची स्फटिकरचनाच बदलते, त्यामुळे नुसत्या भट्टीनेही धातूतले स्फटिककण बारीक करता येतात. मॅग्नेशियमला ती सोय नाही. ६५० अंश सेल्सिअसला वितळेपर्यंत त्याची रचना षट्कोनीच राहते. ओतीव तुकडा नुसता तापवत ठेवला तर कण बारीक होत नाहीत, झालेच तर मोठे होतात.

नवे कण जन्मतात ते लाटताना, दाबताना साठलेल्या ताणातून. सुमारे ३ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का जस्त असलेला एझेड३१ घ्या. थंड असताना त्यातले अणूंचे थर मुख्यतः एकाच प्रकारच्या प्रतलावर घसरतात, बरीचशी विकृती जुळे स्फटिक पडून भागते, आणि पत्रा लवकर तडकतो. तोच पत्रा ३४५ अंशांच्या आसपास तापवला की कणांच्या कडांवर आणि जुळ्यांच्या जागी ताणमुक्त कण उगवतात आणि जुन्यांची जागा घेतात. थांबायचे ते इथेच! आच लांबली की हेच कण वाढत जातात, आणि कण वाढला की मॅग्नेशियमचे बळ ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी वेगाने घसरते. लाटताना कणांना लागलेली दिशा तर या तापवण्यानेही बहुधा सुटत नाही. त्यासाठी मिश्रणात दुर्मिळ मृदाधातूंची चिमूट लागते.

शिवाजीनगरच्या पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापासून (आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठापासून) तांबट आळी मुठेच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर आहे. धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आलेख दाखवण्याआधी तिथे न्यावे, आणि ठोकलेला व न ठोकलेला असे दोन तुकडे एकाच भट्टीत घालून मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लावावेत.