पावसाळ्यात मधमाशीला कोण पोसणार?

मनोरकडच्या एका पाड्यावर दोन मधपेट्या पाहिल्या. एकीत चिंच भरून ठेवलेली, दुसरी पालथी घालून तिच्यावर कोंबड्या बसलेल्या. घरधन्याला विचारले तर म्हणाला, "भाऊ, माशी पावसात निघून गेली."

वाचकहो, माशी निघून गेली हे खरे. पण ती उपाशी होती म्हणून गेली. गाईला आपण पेंड घालतो, पोळ्याला बैलाला पुरणपोळी देतो. मधमाशी मात्र स्वतःचे स्वतः बघेल असे धरून चालतो. रानात ती बघतेही. पण उन्हाळ्यात जांभूळ-करवंदाचा मध आपण काढून घेतला, तो तिने पावसाळ्यासाठीच साठवलेला होता ना? मग जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस कोसळतो, माशीला बाहेर पडता येत नाही, रानात फुलोराही बेताचाच. सातेरी माशीचा स्वभाव असा की घरात दाणा नाही असे दिसले की अख्खी वसाहत पेटी सोडून उडून जाते.

यावरचा उपाय गावच्या किराणा दुकानात मिळतो. साखर आणि पाणी समभाग. पाणी उकळून खाली उतरवावे, साखर विरघळवावी आणि पाक पूर्ण थंड झाल्यावर संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. वर काड्या टाकाव्यात, नाहीतर माश्या बुडून मरतात. पाक बाहेर सांडू देऊ नये. शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात आणि मुंग्याही लागतात. गूळ घालू नये, माशीला हगवण लागते. बाजारातला मध तर मुळीच घालू नये, त्यातून रोग येतो. १९९१-९२ च्या सुमारास थायसॅक विषाणूने दक्षिणेत सातेरीच्या वसाहतींचा कसा फडशा पाडला, हे जुन्या मधपाळांना सांगायला नको.

आठवड्याला पाव किलो साखर धरली तर चार महिन्यांत एका पेटीला चारेक किलो लागते. म्हणजे दोनशे रुपयांच्या आतबाहेर. एक किलो चांगल्या मधाच्या किमतीहून हे कमीच.

पण नुसत्या साखरेने भागत नाही, आणि इथेच आपली मंडळी चुकतात. साखर म्हणजे नुसता भात. डाळ कुठाय? माशीची डाळ म्हणजे पराग. तो खाल्ल्याशिवाय तरुण माश्यांच्या ग्रंथींत अळ्यांना भरवायचा रस तयार होत नाही. रस नाही म्हणून राणी अंडी घालणे आवरते घेते. जव्हार-मोखाड्याकडे दसऱ्याच्या पुढेमागे खुरासणी पिवळी होते तेव्हा मकरंद भरपूर असतो, पण तो आणायला पेटीत माश्याच नसतात. हिशेब सोपा आहे. अंड्यापासून माशी बाहेर यायला सुमारे तीन आठवडे, पुढे दोन-तीन आठवडे ती घरातलीच कामे करते. म्हणजे ऑक्टोबरच्या फुलोऱ्यासाठी माशी वाढवायची तयारी ऑगस्टच्या अखेरीस, गौरी-गणपतीच्या सुमारास सुरू व्हायला हवी.

त्यासाठी तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ तीन भाग, यीस्ट एक भाग, साय काढलेली दूधभुकटी एक भाग, हे पिठीसाखरेच्या घट्ट पाकात मळावे. सोयाबीन नसेल तर भाजलेल्या हरभरा डाळीचे पीठ चालते. लिंबाएवढा गोळा चपटा करून चौकटींवर ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत उरलेला काढून टाकावा. आपल्या दमट हवेत त्याला बुरशी येते, मेणकिडा तर टपलेलाच असतो. सातेरी हा गोळा नेहमी आवडीने खाते असेही नाही. थोडा देऊन बघावा.

हल्ली 'माशीचे टॉनिक' म्हणून बाटल्या येतात. आधी साखर आणि पीठ करून पाहा, मग बाटलीचे बघू. औषध मिसळलेला खुराक तर घेऊच नका. औषधांच्या अंशांवरून आणि मधाचा माग लागत नाही म्हणून २०१० साली युरोपने भारतीय मधाला दार बंद केले होते.

"साखर घातली म्हणजे मध भेसळीचा," असे बोईसरचे एक गिऱ्हाईक मला म्हणाले. २०२० साली मोठमोठ्या नावांच्या मधात साखरपाक सापडल्याच्या बातम्या आल्यापासून लोकांचा विश्वास उडाला, त्यांचे चुकत नाही. पण उपाशी माशीला पावसात घातलेला पाक ती पावसातच खाऊन टाकते. फुलोरा सुरू होण्याआधी पाक बंद करायचा आणि मधाचा वरचा कप्पा त्यानंतरच चढवायचा, एवढे पाळले की मधात पाक येत नाही. जो हे पाळत नाही तो भेसळच करतो, मग तो आपल्या पाड्यावरचा का असेना.

तारापूरच्या कारखान्यांच्या आसपास पेट्या असतील तर स्वच्छ पाण्याचे भांडेही ठेवावे, म्हणजे माशी नाल्यावर कमी जाईल.

२०२२ साली महाबळेश्वरजवळचे मांघर राज्यातले पहिले मधाचे गाव झाले, पुढे आपल्या जिल्ह्यातल्या घोलवडचेही नाव त्यात आले. २०१९ पासूनच्या मधकेंद्र योजनेत निम्मे अनुदान मिळते. चांगली गोष्ट आहे. पण पेटी वाटताना फोटो निघतो, ऑगस्टमध्ये पेटी उघडून बघायला कोण येतो? पेटीबरोबर पहिल्या पावसाळ्याची चार किलो साखर द्या आणि गणपतीआधी एक फेरी मारा, एवढी मागणी ग्रामसभेत ठरावाने करता येईल. मे महिन्याच्या सभेत केली तर साखर वेळेवर पोचेल.