ब्रिंगीच्या काठी दोन दिवस

मासे धरायला कोकणातला माणूस काश्मीरला गेला, यावर आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये भरपूर हसून झाले आहे. पण भाच्याचा हट्ट होता. बारावीची परीक्षा संपली तेव्हा त्याला मोबाईल नको होता, गाडी नको होती. वाहत्या नदीतला ट्राऊट पिसाच्या माशीवर धरायचा होता. व्हिडिओ पाहून पाहून त्याने गच्चीवर दोरी फेकण्याचा सरावही केला होता. मे महिन्याच्या सुट्टीत सगळे घर श्रीनगरला निघालेच होते, म्हणून त्यातले शनिवार-रविवार आम्ही त्याला देऊन टाकले आणि दोघे कोकरनागला गेलो.

कोकरनाग अनंतनाग जिल्ह्यात आहे. डोंगराच्या पायथ्याशी झरे फुटतात आणि ते पाणी ब्रिंगी नदीला जाऊन मिळते. सरकारचे मोठे ट्राऊट केंद्रही इथेच आहे, पण टाकीत वाढलेला मासा वेगळा आणि नदीत जन्मलेला वेगळा. नदीतला जो तपकिरी ट्राऊट, तो मुळात इथला नाही. इंग्रजांनी स्कॉटलंडहून त्याचे बीज 1900 च्या सुमारास आणले. त्याआधीची एक खेप वाटेतच नासली होती. श्रीनगरजवळ हारवनच्या बाजूला पिल्ले वाढवली आणि मग ती काश्मीरच्या नद्यांत सोडली. पाणी थंड आणि स्वच्छ, त्यामुळे तो रुजला. आता हिवाळ्याच्या तोंडाला नदीच्या खड्यांतच अंडी घालतो. इथल्या मूळच्या माशांच्या वाट्याचे पाणी त्याने घेतले, हेही सांगितले पाहिजे.

नदीचे तुकडे पाडलेले आहेत, त्यांना 'बीट' म्हणतात. मत्स्य खात्याचा परवाना दिवसापुरता आणि त्या बीटपुरताच असतो. किती मासे ठेवायचे, केवढे ठेवायचे, तेही ठरलेले. अंडी घालण्याच्या काळात नदी बंद. आमच्याबरोबर साठीतला एक वाटाड्या होता. भाचा त्याला 'चाचा' म्हणू लागला आणि आम्ही शिक्षक आहोत हे कळल्यावर चाचा आम्हाला 'मास्टरजी'.

वशिष्ठीच्या खाडीवर आम्ही लहानपणी गरी टाकायचो ती कशी? टोकाला शिशाचे वजन, गरीला कोळंबीचा तुकडा, आणि मग दगडावर बसून वाट पाहायची. इथे सगळे उलटे. गरीला कोंबड्याची पिसे आणि रेशमी धागा गुंडाळून केलेली माशी असते, तिला वजन असे नसतेच. वजन दोरीलाच असते. काठी मागे-पुढे झुलवून ती जाड दोरी हवेत उलगडायची. माशी तिच्यामागे जाते आणि पाण्यावर गळून पडलेल्या किड्यासारखी टेकते. टेकली पाहिजे, आपटली की मासा गेला. ट्राऊट प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या दगडाच्या आडोशाला उभा असतो आणि वरून वाहत येणारे खाणे तिथल्या तिथे टिपतो. म्हणून माणसाने खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जायचे. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. चाचा कंबरेत वाकून चालत होता, आम्हीही वाकलो. आमच्या गुडघ्यांनी काय म्हटले ते इथे लिहीत नाही.

एक गोष्ट आम्हाला फार आवडली. जिवंत किडा किंवा बेडूक गळाला टोचून आमिष करणे उलेमांनी नापसंत केले आहे; विनाकारण जिवाला यातना होतात म्हणून. पिसाच्या माशीत तो प्रश्नच उरत नाही. आम्ही हे चाचाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "किड्याचा प्रश्न सुटला, मास्टरजी. माशाचा राहिलाच की."

शनिवारी दुपारपर्यंत भाच्याला तीन मासे लागले. पहिला वीतभरही नव्हता. चाचाने आधी स्वतःचे हात पाण्यात बुडवले आणि मगच मासा धरला. कोरडा हात लागला की माशाच्या अंगावरचे बुळबुळीत आवरण निघते आणि सोडलेला मासाही पुढे आजारी पडतो, हे तेव्हा कळले. दुसरे दोन चांगले हातभर. पाठ तपकिरी, पोट पिवळसर, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडे. सुब्हानल्लाह, चितारायला बसले तरी जमणार नाही. रात्री मुक्कामाच्या घरी ते तिखट-हळद लावून मोहरीच्या तेलात तळले. आमच्या तोंडाला कोकमाची आठवण झाली, पण काटा-काटा साफ केला.

जेवणानंतर चाचाने 2022 च्या फेब्रुवारीची हकिगत सांगितली. वंदेवलगामजवळ ब्रिंगीच्या पात्रात अचानक मोठे विवर पडले आणि सगळी नदी त्यात उतरली. या डोंगरांत चुनखडी आहे, ती आतून विरघळून पोकळ होते. खाली कित्येक किलोमीटर पात्र कोरडे पडले आणि ट्राऊट मोठ्या संख्येने मेले. पुढे प्रशासनाने प्रवाह वळवून नदी विवराच्या बाजूने काढून दिली. चाचा सांगत होता, लोक थिजून काठावर उभे होते. डबक्यांत तडफडणारे मासे कोणी बादलीत भरून वरच्या पाण्यात नेऊन सोडत होते, कोणी घरी नेत होते. त्याने स्वतः दोन्ही केले. "तेव्हापासून मी पाहुण्यांना सांगतो, धरा आणि सोडा. खाऊन संपवली तर नदीत काय राहील?"

भाच्याला हेच हवे होते. रविवारी दिवसभर धरायचे, फोटो काढायचा, सोडायचे. वीस झाले तरी एकही मरणार नाही. "मग यात वाईट काय, मामू?"

वाचकहो, इथे आमचे जमेना. पाण्यातली शिकार आणि तिचे खाणे कुरआनने हलाल ठरवले आहे, इहरामच्या अवस्थेतसुद्धा. माशाला जबह लागत नाही. इतकी मोकळीक आहे ती खाण्यासाठी. पण प्रेषितांनी (स.) जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करण्यास मनाई केली, आणि निव्वळ खेळासाठी शिकार करणे फकीहांनी मकरूह मानले, कित्येकांनी त्याहून कडक शब्द वापरले. तोंडात गरी अडकलेला मासा जीव तोडून ओढतो, दमतो, हवेत धरल्यावर गुदमरतो. हे सगळे एका फोटोसाठी? वर सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असेही नाही. चाचानेच ते मान्य केले. त्यातला एखादा मरून वर तरंगला तर? आम्ही शाफई, आमच्याकडे तो खाता येतो. चाचा हनफी, त्याच्याकडे आपोआप मरून तरंगलेला मासा खात नाहीत. त्यावर दोघांची थोडी गंमतही झाली. पण दोन्हीकडे एक गोष्ट तीच की तो मासा वाया गेला.

उलट बाजूही खोटी नाही. चाचाचे पोट या नदीवर आहे. प्रत्येक परवानेवाल्याने सहा-सहा उचलले तर वर्षभरात हा तुकडा रिकामा होईल. नदीचे रक्षण व्हावे आणि माशाचे हालही होऊ नयेत, हे दोन्ही एकदम कसे साधायचे? आमचे मत आम्ही भाच्याला सांगितले. घरात जेवढे खाल्ले जाईल तेवढेच धरावे, आकाराने लहान निघाला तर तो सोडणे भागच आहे, आणि गरजेपुरते झाले की काठी आवरावी. शनिवारी आपले खाऊन झाले आहे. त्याने तोंड पाडले. अठरा वर्षांच्या मुलाला हजारो रुपये खर्चून आणल्यावर 'आता बस' म्हणणे सोपे नसते. चाचाच्या रोजीचा प्रश्न नव्हता, त्याचे दोन्ही दिवसांचे पैसे आम्ही आधीच चुकते केले होते.

रविवारी फजरनंतर बाहेर आलो तर चाचा ओट्यावर पक्कड घेऊन बसला होता. दोन-तीन माशांच्या गरीचे टोक आणि बाक त्याने तोडून टाकले होते. नुसते पीस, धागा आणि बोथट दांडा. म्हणाला, जुने शौकीन कधी कधी असे करतात. मासा वर येतो, माशी तोंडात घेतो, फसवणूक कळली की थुंकून टाकतो. भाचा आधी नाक मुरडून होता. पहिला ट्राऊट पाणी फोडून वर आला आणि त्याच्या हाताला हिसका बसून सुटला, तेव्हा तो ओरडला एवढ्या जोरात की पलीकडच्या काठावरची म्हातारी सरपण टाकून पाहू लागली.

दहा-साडेदहाला वरचे बर्फ वितळून पाणी गढूळ होऊ लागले आणि चाचाने दोरी गुंडाळली. भाच्याने आठ मोजले होते. चाचाच्या मते सहाच. दोन वेळा नुसते पाणी हलले होते.