वहीवर नाव काय घालायचं?

मुलांनो, गोष्ट लिहून झाली की आपण हुश्श करतो, पेन खाली ठेवतो, आणि मग लक्षात येतं, अरेच्चा, वर नाव घालायचं राहिलंच! निबंधाचं एक बरं असतं. विषय आधीच फळ्यावर लिहिलेला असतो. कादंबरीचं तसं नाही हं.

परवाच माझ्या वर्गातल्या, म्हणजे सातवीतल्या एका मुलीनं टेबलावर शंभरपानी वही आणून ठेवली. म्हणाली, "बाई, कादंबरी लिहिलीय. नाव तेवढं तुम्ही घाला." अकरा प्रकरणं होती! रात्री जेवणं उरकून वाचायला बसले, ती संपवूनच उठले.

गोष्ट ऊसतोडीची. आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे कितीतरी कुटुंबं बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात, ती पाचसहा महिन्यांनी परततात. हिच्या गोष्टीत आजी अंथरुणाला खिळलेली आहे. म्हणून आई घरी राहते आणि बाप एकटाच टोळीबरोबर जातो. मुलगा रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन बसतो. शेवटी आजी जाते, आणि बाप पोचतो तो तिसऱ्या दिवशी. वाचताना डोळे भरून आले. आणि मग मी काय केलं असेल? लाल पेन काढलं आणि पहिल्या पानावर ठसठशीत लिहिलं, 'कष्टाचे फळ'!

दुसऱ्या दिवशी तिनं ते वाचलं. काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत मात्र परत आली आणि हळूच म्हणाली, "बाई, पण ह्यात फळ कुठंय?"

खरंच नव्हतं की हो! गोष्ट तिची वाचली आणि नाव मात्र मी पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या धड्याला शोभेल असं देऊन मोकळी झाले.

आता दुसऱ्यानं सुचवलेलं नाव नेहमी चुकतंच असं नाही बरं का. 'ट्रेझर आयलंड' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. १८८१च्या उन्हाळ्यात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी राहत होता. बाहेर पाऊस. घरात तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड रंगपेटी घेऊन बसलेला. त्या खेळात एका बेटाचा नकाशा तयार झाला आणि नकाशातून कादंबरी सुरू झाली. स्टीव्हन्सननं तिला नाव दिलं 'द सी कुक', म्हणजे जहाजावरचा आचारी. ती छापून येणार होती 'यंग फोक्स' या मुलांच्या साप्ताहिकात. तिथल्या संपादकांनी ते नाव बाजूला ठेवलं आणि 'ट्रेझर आयलंड' पसंत केलं.

बरंच केलं म्हणायचं! जिम बिचारा त्या लंगड्या, गोडबोल्या आचाऱ्यावर विश्वास टाकतो. पुढे सफरचंदांच्या पिंपात बसलेला असताना त्याला आचाऱ्याचं खरं रूप कळतं. मुखपृष्ठावरच 'आचारी' छापलं असतं तर आपण पहिल्यापासून त्याच्यावरच नजर ठेवून बसलो असतो. मग पिंपातली गंमत कसली उरते? आणि मौज पाहा, चांगलं नाव काही बाहेरून आणावं लागलं नाही. नकाशावर ते आधीपासून होतंच.

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी तर अख्खं वाक्यच नाव म्हणून ठेवलं. 'पण लक्षात कोण घेतो!' १८९०पासून त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकात ती क्रमशः येत होती. यमू आपली कहाणी स्वतः सांगते, विधवा झाल्यावर तिचे काय हाल झाले तेही. 'यमूची कहाणी' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग तो सुस्कारा कुठून ऐकू आला असता? साने गुरुजींनीही 'एक थोर माता' असं काही लिहिलं नाही. गल्लीत आपण 'बंडूची आई' म्हणतो ना, तसंच साधं 'श्यामची आई'. मला विचाराल तर मराठीतलं सगळ्यात सुरेख नाव तेच. (आणि आईबाबांनो, मुलांच्या वहीला भारदस्त नाव सुचवण्याची आपल्याला फार हौस, नाही का?)

हे सगळं त्या मुलीला सांगितलं. म्हटलं, तुझ्याही वहीत एखादा नकाशा असेल, बघ. तिनं लगेच चौथं प्रकरण उघडलं. मुकादम टोळीची नावं लिहून घेतोय. बापाची पाळी येते तेव्हा तो म्हणतो, "हा अर्धा कोयता."

आदल्या रात्री मी ते वाचलं होतं आणि मोडका कोयता समजून पुढे गेले होते. शहरात वाढलेली ना मी! तिनं समजावून सांगितलं. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस आला की तो अर्धा. उचलही त्याला अर्ध्या कोयत्याचीच.

"हेच ठेवू का बाई?"

मी मान डोलावली. बोलायला काही सुचेना.

माझी लाल अक्षरं खोडरबरानं जाईनात. मग तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचा तुकडा त्यावर चिकटवला आणि निळ्या शाईनं लिहिलं, 'अर्धा कोयता'. पान उजेडाकडे धरलं की माझं 'फळ' अजून खालून थोडं दिसतं.