स्वयंभू पिनकोड

परवा लंच टाइममध्ये बाबांसाठी ऑनलाइन मिक्सर मागवत होते. पत्ता रत्नागिरी, पिनकोड ४१५६१२. शेजारच्या क्युबिकलमधला सातारकर डोकावला, 'ए, ४१५ तर आमचं!' खरंय. साताऱ्याचा ४१५००१. पहिले तीन आकडे सेम, मधे फक्त घाट.

रात्री बाबांना सांगितलं तर मिक्सर राहिला बाजूला. रिटायर्ड गणित मास्तर ते. म्हणाले, 'त्याला जनक आहे का बघ गो.'

ही भानगड द. रा. कापरेकरांची. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. कुठलाही आकडा घ्या आणि त्यात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४, म्हणजे २१ हा २४ चा जनक. आता २० चा जनक शोधा. बसा शोधत! तो नाहीच. अशा बिनजनकाच्या संख्या म्हणजे स्वयंभू. शंभराच्या आत फक्त १३.

मग बाबा फोनवर नि मी कॅल्क्युलेटरवर. सहा अंकांची बेरीज फार तर ५४, त्यामुळे जनक असलाच तर ४१५५५८ च्या खाली नसणार. नऊने भागून बाकी बघितली की उरतात सहाच उमेदवार. ४१५५८० मध्ये २३ मिळवले, ४१५६०३ आले. नऊने हुकलं. ४१५५८९ मध्ये ३२ मिळवले, ४१५६२१. पुन्हा नऊनेच हुकलं, पण पलीकडे! बाकीचे चार तर जवळपासही नाहीत.

रत्नागिरी स्वयंभू!

मग बाकीच्यांची झडती. मुंबई जीपीओ ४००००१, जनक ३९९९५८. पुणे ४११००१, जनक ४१०९७५. आणि सातारा? ४१४९७३ मध्ये २८ मिळवा, हजर. सातारकराला हे सांगितल्यापासून तो माझ्याशी जरा जपून बोलतो.

'गणपतीपुळ्याचा गणपती स्वयंभू, शेजारी पिनकोडही,' बाबा खूश. मी मुद्दाम टोकलं, दर दहा आकड्यांत साधारण एक असा निघतोच, एवढं काय? आणि उपयोग काय? त्यावर बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, कापरेकरांनाही लोक हेच विचारत. कॉलेज शिकताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं बक्षीस मिळालं होतं. परांजपे आपल्या दापोलीकडचे, मुर्डीचे. तरी पुढे वर्षानुवर्षं कापरेकरांचं काम म्हणजे पोरखेळ असंच अनेकांना वाटायचं. १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाने दखल घेतली. मास्तर तेव्हा सत्तरीचे.

आई गेल्यापासून आमचा फोन 'जेवलीस का?' 'हो, तुम्ही?' इथेच संपतो. त्या रात्री पाऊण तास चालला. ठेवता ठेवता म्हणाले, 'तुझ्या फ्लॅटचा पिन सांग बघू.' सांगितला. दहा मिनिटांत त्यांचाच फोन, 'मिळाला गो जनक!'

मिक्सर गुरुवारी पोचला. अजून खोक्यातच आहे म्हणे.