शून्याखाली १६२ अंश आणि आयुष्याची पुंजी



गेल्या महिन्यात शारजात एका ज्येष्ठ धम्मबांधवांकडे वंदनेनंतर चहा चालला होता. काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, तुम्ही इंजिनिअर आहात, जरा बघा." द्रवरूप नैसर्गिक वायू वाहणारा कंटेनर विकत घ्यायचा, तो एक कंपनी भाड्याने चालवणार आणि वर्षाला बारा टक्के 'हमखास' देणार, अशी ती योजना होती. काका त्यात बावीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी घालणार होते. आपल्यासारख्या परदेशी नोकरदारांना येथे सरकारी निवृत्तिवेतन नाही. ग्रॅच्युइटी हाच बहुतेकांचा म्हातारपणाचा आधार आहे.

हा व्यवसाय मात्र काल्पनिक नाही. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचे द्रव होते आणि आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. अबुधाबीच्या दास बेटावरून १९७७ पासून असा वायू जहाजांनी निर्यात होतो. परंतु मोठ्या जहाजासाठी मोठे टर्मिनल लागते. जेथे ते नाही आणि वाहिनीही पोहोचत नाही, तेथे चाळीस फुटी निर्वात-आवरणाचा टाकी-कंटेनर उपयोगी पडतो. त्यात साधारण सतरा टन वायू मावतो आणि तो ट्रक, रेल्वे व जहाज या तिन्हींवर चढतो. पोर्तुगालच्या मादेइरा बेटावरील वीजकेंद्राला २०१४ पासून असाच पुरवठा होतो.

यातील जोखीमही तितकीच खरी आहे. आवरण कितीही चांगले असले तरी उष्णता हळूहळू आत शिरते, द्रवाची वाफ होते आणि दाब वाढतो. म्हणून माल ठराविक मुदतीत वापरावाच लागतो. रिकामा कंटेनर परत आणण्याचा खर्च निराळा. एका मोठ्या वायुवाहू जहाजातील मालासाठी असे सुमारे चार हजार कंटेनर लागतील. त्यामुळे लांबच्या मोठ्या पुरवठ्यात जहाजच स्वस्त पडते. कंटेनरची कमाई मागणीवर, फेऱ्यांवर आणि वायूच्या भावावर अवलंबून असते. अशा धंद्यात 'हमखास' हा शब्दच संशयास्पद आहे.

जर्मनीचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. तेथील पी अँड आर समूह सामान्य कंटेनर विकून भाडे देत असे. २०१८ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. सुमारे ५४ हजार गुंतवणूकदारांना विकलेल्या सोळा लाख कंटेनरांपैकी प्रत्यक्षात सहा लाखांच्या आसपासच अस्तित्वात होते.

म्हणून काकांना तीन प्रश्न लिहून दिले. कंटेनरचा क्रमांक काय? चार अक्षरे, सहा अंक आणि एक पडताळा-अंक असा तो असतो. मालकाचे संकेताक्षर पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय कंटेनर ब्यूरोकडे नोंदलेले असते. तरीही क्रमांकाने कंटेनर सिद्ध होतो, आपली मालकी नव्हे. तिचा कागद वेगळा मागावा. भाडेकरू कोण आणि करार कुठे आहे? आणि ही योजना विकण्याचा परवाना कोणत्या नियामकाने दिला? नियामकांच्या संकेतस्थळांवरील परवानाधारकांची यादी स्वतः उघडून पाहावी; विक्रेत्याने पाठवलेल्या दुव्यावरून नव्हे.

या क्षेत्रात उतरायचेच असेल, तर २०२३ मध्ये अबुधाबीच्या शेअर बाजारात नोंदलेली अ‍ॅडनॉक लॉजिस्टिक्स अँड सर्व्हिसेससारखी कंपनी निदान आपले हिशेब जाहीर करते. तिचा भावही पडू शकतो. ही शिफारस नव्हे. ग्रॅच्युइटी तर अशा कशातही एकवट घालू नये.

कोलंबियाचे शिक्षण घेऊन व लंडनचे अर्धवट ठेवून परतलेल्या तरुण बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. ज्ञान होते, दार बंद होते. आज आपल्यासाठी दार उघडे आहे. हिशेब न मागता आत शिरणे हा त्या ज्ञानाचा अवमान ठरेल.

काकांनी ते तीन प्रश्न विक्रेत्याला पाठवले. उत्तर अद्याप आलेले नाही. ग्रॅच्युइटी बँकेतच आहे.